मैदानावरची मोजणी

सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. अर्न लीबिगच्या रानात मेंढ्यांपुढे टाकायला झाडपाल्याखेरीज काही उरले नव्हते. म्हणून ऑगस्टच्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्याच्या, त्या थंडीत रोज सकाळी सात वाजता तिघे जण कुऱ्हाडी घेऊन कुंपणापलीकडच्या झाडीत शिरत: अर्न स्वतः, त्याचा भाचा नेव्हिल फॉइग्ट आणि क्लेम हॅनराटी.

क्लेम हा बारापिनच्या फुटबॉल संघाचा कोच. आमचा फुटबॉल अठरा जणांचा, आणि त्यात चेंडू हातानेही झेलतात. पण बारापिनसारख्या गावात नुसत्या कोचपणावर कोणाचे पोट भरत नाही. क्लबने त्याला गव्हाच्या कोठारामागचे पत्र्याचे घर राहायला दिले होते, आणि क्लबचा अध्यक्ष म्हणून अर्नने त्याला आपल्या शेतावर काम दिले होते. करार एका वर्षाचा.

“वरच्या फांद्या आधी,” अर्न खालून नेव्हिलवर ओरडला. “किती वेळा सांगायचं तुला? बुंधा राहिला तर पुढल्या वर्षी फुटेल.”

“पुढल्या वर्षी बारापिन राहिलं तर,” नेव्हिल म्हणाला.

“गावाला काय धाड भरलीय?”

“गाव नाही मामा. संघ.”

 अर्नने तोडलेली फांदी दोन्ही हातांनी ओढत मेंढ्यांकडे नेली. मेंढ्यांच्या अंगावरची लोकर धुळीने तांबडी झाली होती आणि त्यांच्या बरगड्या लोकरीतूनही कळत होत्या. एक म्हातारी मेंढी बसली होती, ती उठेना. अर्नने तिला पोटाखाली हात घालून उभी केली, क्षणभर धरून ठेवली आणि मग सोडली. ती उभी राहिली.

तेरा सामने झाले होते आणि बारापिनने तेराही गमावले होते. दुष्काळाने निम्मी तरणी माणसे कामासाठी शहरात नेली होती. अठरा खेळाडू उभे करायचे तर शनिवारी सकाळी घरोघर गाडी फिरवावी लागे. जुलैत क्लबच्या बैठकीत ठरले होते की वर्षभरात एक तरी सामना जिंकला तर संघ पुढे चालवायचा. नाहीतर बावीस मैलांवरच्या यालूकच्या संघात तो विलीन करून टाकायचा. आता शेवटचा सामना उरला होता. तोही यालूकशीच, येत्या शनिवारी, घरच्या मैदानावर.

“जिंकलो तर तुझा करार वाढवू,” अर्नने क्लेमला सांगितले होते. “हरलो तर करार करायला क्लबच कुठं राहतोय?”

क्लेम एक्केचाळीस वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी त्याला असल्याच एका गावातून मेलबर्नच्या मोठ्या संघाने उचलून नेले होते. तिथे तो चौऱ्याण्णव सामने खेळला. उंच उडी मारून चेंडू झेलण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे होते. मग उजवा गुडघा गेला. एका बुधवारी संघाच्या चिटणिसाने त्याच्याशी हस्तांदोलन केले, आणि क्लेम पुन्हा खेडेगावांकडे वळला. अकरा वर्षांत सहा गावे. प्रत्येक गावात एक घर, एक नोकरी, स्वागताचे एक जेवण आणि वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी नजर चुकवत केलेले तेच बोलणे. त्याची बायको नोला तीन गावांपर्यंत बरोबर आली. चौथ्या गावाचे नाव ऐकल्यावर ती म्हणाली, “तू जा. मी आता खोकी बांधणार नाही.” भांडण असे झालेच नाही. ती जिलॉंगला बहिणीकडे राहिली, ती राहिलीच.

बारापिनमध्ये असे काय होते की इथे राहावे असे त्याला वाटू लागले, हे त्याला कोणी विचारले असते तर नीट सांगता आले नसते. अर्नची बायको डोरीन दर बुधवारी त्याला जेवायला बोलवायची आणि मोहरीची बाटली न विचारता त्याच्यापुढे सरकवायची. एवढेच. पण एवढेही आधीच्या पाच गावांत झाले नव्हते.

शनिवारी वारा उत्तरेकडून होता. मैदानावर गवताची काडी नव्हती. चुन्याने आखलेली पांढरी रेष धुळीत पुन्हा पुन्हा बुजत होती. मैदानाभोवती गाड्या नाक आत करून लावल्या होत्या. आपल्या संघाचा गोल झाला की त्यांचे भोंगे वाजायचे, आणि बारापिनच्या भोंग्यांना त्या वर्षी फारसे काम पडले नव्हते.

त्या दिवशी मात्र पडले. कसे कोण जाणे, पण चारपैकी तिसरा डाव संपला तेव्हा बारापिन दोन गुणांनी पुढे होते. सत्तेचाळीस विरुद्ध पंचेचाळीस. खेळाडू संत्र्याच्या फोडी चोखत क्लेमभोवती उभे राहिले. सगळ्यांच्या अंगाला निलगिरीच्या तेलाचा आणि घामाचा वास येत होता.

“मला भाषण येत नाही,” क्लेम म्हणाला.

“वर्षभर ऐकतोय की,” कोणीतरी म्हणाले.

“ते विसरा. आता एकच करायचं. ज्याने त्याने आपल्यासमोरचा माणूस सोडायचा नाही.”

“कोच, माझा माणूस सकाळपासून मलाच सोडत नाहीये,” नेव्हिल म्हणाला, आणि सगळे हसले. क्लेमही हसला.

मग ते सगळे आत गेले आणि तो बाकावर येऊन बसला. गावाकडे आणखी माणूस नव्हता, म्हणून राखीव खेळाडू, म्हणजे एकोणिसावा माणूस, तोच होता. अंगात संघाची पट्ट्यापट्ट्यांची जर्सी, तिच्यावर राखीव खेळाडू घालतात तसला लोकरी झगा, गुडघ्याला पट्टी. वर्षभर तो असाच बसला होता. आत जायची वेळ त्याने स्वतःवर आणली नव्हती. गुडघा साथ देणार नाही हे त्याला माहीत होते, आणि लोकांनी ते पाहू नये असे त्याला वाटे.

शेवटचा डाव अर्धा झाला, गुणफलक अजून हलला नव्हता, तेव्हा नेव्हिल पडला. दोघे जण चेंडूसाठी उडाले, एकाचे कोपर नेव्हिलच्या कानामागे बसले आणि तो पोत्यासारखा खाली आला. पाणी आणि टॉवेल घेऊन पळणारा म्हातारा विल्फ आत गेला, त्याने नेव्हिलला रेषेकडे थोडेसे आणले आणि बाकाकडे बघून टॉवेल हलवला. हा माणूस बाहेर येतोय, दुसरा पाठवा.

क्लेमने झगा टाकला आणि तो रेषेवर येऊन उभा राहिला. नियम साधा आहे आणि त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: जाणारा रेषेबाहेर पडल्यावरच येणाऱ्याने आत पाऊल टाकायचे. नेव्हिल रेषेपासून वीस पावलांवर गुडघ्यांवर बसला होता. विल्फ त्याला तिथेच ठेवून पाण्याची बादली आणायला पळाला होता. क्लेमने हे सगळे पाहिले. आणि त्याच वेळी त्याने हेही पाहिले की पलीकडून उंच मारलेला चेंडू वाऱ्यावर तरंगत इकडे येतो आहे, आणि त्याखाली यालूकचा एकच माणूस उभा आहे, मोकळा.

तो धावला. अकरा वर्षांत गुडघा असा हलका कधी लागला नव्हता. तो उडाला, त्या माणसाच्या खांद्याच्या वर गेला, आणि चेंडू त्याच्या दोन्ही हातांत असा येऊन बसला की जणू मधली वर्षे झालीच नव्हती. तो खाली आला तेव्हा मैदानाभोवतीचे सगळे भोंगे एकदम वाजत होते. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून ओरडले, “अरे म्हाताऱ्या! अरे म्हाताऱ्या!” तो अठरा माणसांच्या मध्ये उभा होता आणि धापा टाकत होता, आणि त्याला हसू आवरत नव्हते.

यालूकच्या कप्तानाने हात वर केला. डेस मलकॅही नावाचा तो उंच, शांत माणूस. त्याचा आवाज चढलाही नाही.

“पंच, मोजणी.”

पंचाने शिट्टी वाजवली. भोंगे एकेक करून थांबले.

मोजणी हा आमच्या खेळातला जुना नियम आहे. एखाद्या संघाची माणसे जास्त आहेत असा संशय आला तर दुसऱ्या संघाचा कप्तान खेळ थांबवून ती मोजायला लावू शकतो. माणसे अठरा भरली तर काही नाही. एकोणीस भरली तर त्या संघाचे तोवरचे सगळे गुण पुसले जातात. बहुतेक माणसे उभ्या जन्मात मोजणी पाहत नाहीत.

बारापिनचे खेळाडू मैदानाच्या मध्यावर एका ओळीत उभे राहिले. पंच प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावत चालला. शाळेत कवायतीला उभे केल्यासारखी ती दाढ्या वाढलेली माणसे समोर बघत उभी होती. क्लेमच्या खांद्याला बोट लागले तेव्हा पंच “अठरा” म्हणाला. मग त्याने वळून रेषेकडे पाहिले. नेव्हिल उठून उभा राहिला होता. त्याला कुठे जायचे ते कळत नव्हते. तो रेषेकडे जायचे सोडून ओळीकडे, आपल्या माणसांकडे येत होता, एक हात कानामागे धरून.

“एकोणीस,” पंच म्हणाला.

गुणफलकावरच्या पोराने सत्तेचाळीसमधला सात काढला, मग चार काढला, आणि शून्य सापडेना म्हणून ती जागा बराच वेळ रिकामी राहिली.

नेव्हिलला बाहेर नेले. उरलेली अकरा मिनिटे क्लेम खेळला. त्याच्याकडे चेंडू कोणी मारला नाही. बारापिनने एक गोल केला, त्याला एकही भोंगा वाजला नाही.

रविवारपर्यंत गावाने हकीकत ठरवून टाकली होती. नेव्हिल बाहेर गेला होता, आणि डोके गरगरत असल्यामुळे परत आत आला. विल्फने तेच सांगितले होते असे लोक म्हणत. विल्फ खरे तर म्हणाला होता, “मी त्याला रेषेजवळ सोडलं.” पण संध्याकाळपर्यंत ‘जवळ’चे ‘बाहेर’ झाले, आणि विल्फनेही ते दुरुस्त केले नाही, बादली आणायला आपण त्याला एकटे सोडून गेलो हे त्यालाही कुठेतरी टोचत असावे. आणि नेव्हिलला तर पडल्यापासूनचे काहीच आठवत नव्हते.

सोमवारी सकाळी नेव्हिल कामावर आला तेव्हा त्याचा कान काळानिळा झाला होता. अर्नने त्याच्याकडे पाहिले नाही.

“मामा, मी आत कशाला आलो असेन?”

“ते मला काय विचारतोस?”

“मला खरंच आठवत नाही.”

“आम्हाला आठवतंय ना. बास झालं.”

क्लेम पलीकडच्या झाडावर होता. त्याची कुऱ्हाड क्षणभर थांबली आणि परत चालू झाली. 

मंगळवारी दोघे गावात गेले. क्लेमला पाव घ्यायचा होता, नेव्हिलला तंबाखू. दुकानात चार माणसे टेकून उभी होती. नेव्हिल दारातून आत आला तसा त्यातला एक जण बोट हलवत मोठ्याने म्हणाला, “सतरा… अठरा… अरे, हा कितवा?”

सगळे हसले. नेव्हिलही हसला, कारण न हसून जायचे कुठे? त्याने तंबाखू घेतली, सुटे पैसे त्याच्या हातातून खाली पडले आणि तो ते ओणवा होऊन गोळा करत राहिला. वर कोणीतरी पुन्हा मोजायला लागले होते. क्लेम डब्यांच्या फळीकडे तोंड करून उभा होता. जर्दाळू, पीच, जर्दाळू. त्याने सगळ्या डब्यांवरची अक्षरे वाचली.

बुधवारी तो लीबिगांकडे जेवायला गेला. डोरीनने मोहरीची बाटली सरकवली आणि म्हणाली, “नेव्हिलच्या आईचा फोन आला होता. जेवत नाही म्हणे नीट.”

“जेवेल,” अर्न म्हणाला.

“रेल्वेच्या यार्डात काम बघतोय म्हणे, मिल्डुराला.”

“जाऊ दे.”

“असं कसं जाऊ दे? त्याच्या बापाची जमीन आहे इथं.”

क्लेमने मटणाचा तुकडा कापला. तो त्याने ताटाच्या कडेला सरकवून ठेवला. घरी परतल्यावर तो अंगातला शर्ट न काढता बराच वेळ खाटेवर बसला. पत्र्यावर वारा वाजत होता. सांगायचे शब्द त्याने चार प्रकारे जुळवून पाहिले, आणि प्रत्येक प्रकारात सांगणारा माणूस आपण खरे होतो त्यापेक्षा बरा वाटत होता.

शुक्रवारी दुपारी अर्न ट्रकच्या फळीवर त्याच्याशेजारी येऊन बसला. थर्मासमधला चहा त्याने आधी क्लेमला ओतला, मग स्वतःला. नेव्हिल दूर मेंढ्यांकडे होता.

“यालूकवाल्यांशी बोललो,” अर्न म्हणाला. “अध्यक्ष त्यांचा. कोच आपला.”

“कोण?”

“कोण काय, गड्या? तूच. घर तेच राहील. तीन वर्षांचा करार.”

तीन वर्षे. एवढी मुदत त्याच्यापुढे आजवर कोणी ठेवली नव्हती. चहाचा पेला त्याने दोन्ही हातांत धरला.

“मलकॅही स्वतः म्हणाला, कोचने झेल काय घेतला! दोष त्याचा नाही, त्या बावळटाचा. रविवारी सभेत ठराव मांडतो, हात वर होतील, झालं.”

“आणि नेव्हिल?”

“त्याचं काय?”

“तो जातोय म्हणे.”

“चार महिने जाईल, येईल परत. लोक विसरतात रे.” अर्नने चहाचा घोट घेतला. “माझ्या बापाने एकतीस साली अंतिम सामन्यात सोपा गोल चुकवला होता. अगदी समोरून. मागच्या वर्षी त्याला पुरला, तेव्हा कबरीपाशी दोघं जण तेच बोलत होते, वारा होता की नव्हता.” तो हसायला लागला. हसता हसता थांबला. मग उरलेला चहा त्याने धुळीत ओतला आणि कुऱ्हाड उचलली.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर गाव सभागृहात जमले. चाळीसेक माणसे असतील. मागच्या बाजूला बायका कपबशा मांडत होत्या. विलीन होण्याचा ठराव अर्नने वाचला. त्याचे वडील, आजोबा या संघात खेळले होते; ‘बारापिन’ हा शब्द त्याने दोनदा वाचला. हात वर झाले. काही माणसे खाली बघत होती. नेव्हिल शेवटच्या रांगेच्याही मागे, भिंतीला टेकून उभा होता.

“आता दुसरा ठराव,” अर्न म्हणाला. “दोन्ही गावांच्या संघाचे कोच म्हणून…”

क्लेम उभा राहिला.

“थांब की, नाव तर घेऊ दे,” कोणीतरी म्हणाले आणि थोडे हसू झाले.

“नेव्हिल बाहेर गेला नव्हता,” क्लेम म्हणाला.

कपबशांचा आवाज थांबला.

“तो बाहेर गेलाच नव्हता. परत आला, ते खोटं आहे. मी आत आलो तेव्हा तो रेषेच्या आत गुडघ्यांवर बसला होता. वीस पावलं आत.”

“तुला ते दिसलं नसेल,” अर्न सावकाश म्हणाला. प्रश्न नव्हता तो. ती त्याने क्लेमपुढे ठेवलेली सुटकेची वाट होती.

“दिसलं होतं.”

“दिसलं होतं?” पहिल्या रांगेतला दुकानदार वळला. “मग आत गेलास कशाला?”

आठ दिवस जुळवलेले चारही प्रकार क्लेमला आठवेनात.

“चेंडू येत होता,” तो म्हणाला.

 मग म्हातारा विल्फ बसल्या जागेवरून पुटपुटला, “मी रेषेजवळच म्हणालो होतो. जवळ.” त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

“खाली बस, क्लेम,” अर्न म्हणाला. त्याने हातातला कागद उलटा करून टेबलावर ठेवला. “दुसरा ठराव आज घेत नाही. चहा घ्या सगळ्यांनी.”

डोरीनने कप आणून दिला. साखर किती तेही तिने विचारले. क्लेमने कप घेतला, दोन घोट प्यायला आणि खिडकीत ठेवून तो बाहेर आला. धूळ खाली बसली होती. ऊन पिवळे पडले होते. तो पायऱ्या उतरत होता तेवढ्यात मागून दार वाजले.

“कोच.”

नेव्हिल होता. कानाचा काळेपणा आता पिवळट झाला होता.

“आठ दिवस,” नेव्हिल म्हणाला. “आठ दिवस तू ऐकत होतास.”

“हो.”

“दुकानात होतास. मी पैसे गोळा करत होतो तेव्हा.”

“होतो.”

“मला वाटत होतं माझं डोकं बिघडलंय. रात्ररात्र आठवायचा प्रयत्न करत होतो. आईला म्हणालो, डॉक्टरला दाखवू.” त्याने कानामागे हात नेला. “का रे?”

“मला इथं राहायचं होतं,” क्लेम म्हणाला.

नेव्हिल त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. तो मारेल असे क्लेमला वाटले, आणि मारले असते तर बरे झाले असते असेही वाटले. पण आतून कोणीतरी हाक मारली.

“ए नेव्हिल! केक संपतोय, ये!” आणि मागोमाग तोच दुकानातला आवाज, जरासा ओशाळलेला: “ये रे बाबा, इथं बस. सरका जरा, जागा द्या त्याला.”

नेव्हिलने मान वळवली. पुन्हा एकदा क्लेमकडे पाहिले. मग तो आत गेला. दार त्याने लावून घेतले.

क्लेम पायरीवर उभा राहिला. आत लाकडी जमिनीवर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी काही म्हणाले, ते ऐकू आले नाही. थोडा वेळ नुसतीच कुजबुज. मग नेव्हिल हसला, आधी थोडासा, मग सगळ्यांबरोबर मोठ्याने. ते हसू नीट ओळखू येईपर्यंत क्लेम थांबला, आणि मग कोठारामागच्या घराकडे निघाला. खोकी बांधायला अजून उजेड होता.